पोटाचं देणं आणि ओढीचं देणं

आमच्या माणदेशात कुत्रं पाळायला काही लागत नाही, असं म्हणतात. सकाळी शिळी भाकरी, रात्री उरलंसुरलं कालवण आणि पडायला गोठ्याची वळचण. एवढं दिलं की माणूस मोकळा. बदल्यात कुत्र्यानं रात्री भुंकावं, शेरडं-कोंबड्या राखाव्यात. हा व्यवहार किती पिढ्या चाललाय ते कुणाला सांगता यायचं नाही, आणि तो वाईट आहे असंही मी म्हणत नाही. दोघांनाही आपापलं काम ठाऊक असतं आणि दोघं आपापल्या जागी सुखी असतात.

गेली सहा वर्षं मात्र आमच्या वस्तीवर एक कुत्रं आहे, त्याच्यामुळं मला हा हिशेब नव्यानं मांडावा लागला. त्याची जात लॅब्राडोर. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्यानं पिल्लू म्हणून ते आणलं, दोन वर्षं लाडानं वाढवलं आणि नोकरीसाठी परदेशी जायचं ठरल्यावर आमच्याकडं आणून सोडलं. नाव सिंबा. वस्तीवर आल्यावर आठ दिवसांत त्याचा शिंब्या झाला.

मला पडलेला प्रश्न असा. एखाद्या जिवाचं पोट भरलं म्हणजे आपलं देणं फिटलं का? आणि ज्या जिवाला माणसानंच पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून एका कामाची ओढ लावली, त्या ओढीचं देणं कुणाच्या नावावर धरायचं? मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. मोठमोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण बी निवडणं, खोंड पारखणं, शेळीला बोकड कुठला दाखवायचा ते ठरवणं, यात जन्म गेला. म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही.

आधी या कुत्र्याचं कूळ सांगतो, त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. यातलं काही पुतण्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं, काही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

कॅनडाच्या पूर्वेला अटलांटिक समुद्रात न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट आहे. थंडी अशी की दोरावर उडालेलं पाणी जागेवर गोठतं. तिथं इंग्लंडातनं गेलेले मच्छीमार कॉड मासा धरायचे, खारवायचे आणि गलबतं भरून माघारी पाठवायचे. त्यांच्या होड्यांत काळी, आखूड केसांची, दणकट कुत्री असायची. गळाला लागून निसटलेला मासा पाण्यात उडी टाकून धरून आणायचा, जाळ्याचा दोर तोंडात धरून काठाला न्यायचा, हे त्यांचं काम. लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर बर्फाचे गोळे धरतात म्हणून मच्छीमारांना आखूड केसांचीच कुत्री पसंत पडली. तिथल्या सेंट जॉन्स या बंदरावरनं त्यांना सेंट जॉन्सचं पाणकुत्रं म्हणायचे.

ही गलबतं इंग्लंडात पूल नावाच्या बंदराला लागायची. त्या भागातल्या माम्सबरी घराण्यातल्या जमीनदारानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कुत्री बघितली आणि विकत घेतली. त्यांना दलदलीतल्या बदकांच्या शिकारीचा नाद होता. पाण्यात पडलेलं पाखरू आणायला असं कुत्रं दुसरं मिळणार नाही, हे त्यांनी ओळखलं. तिकडं स्कॉटलंडमध्ये बक्लू घराण्यानंही हीच कुत्री पाळली होती. १८८० च्या दशकात माम्सबरींनी आपली काही कुत्री बक्लूंना दिली. त्यात नेड आणि एव्हन अशी दोन कुत्री होती, आणि आजच्या लॅब्राडोरांचं मूळ त्यांच्यापर्यंत जातं असं सांगतात. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबनं ही जात म्हणून नोंदवली. लॅब्राडोर हे नाव त्या बेटाजवळच्या मुलखाचं. इंग्रज जमीनदारांनी ठेवलं आणि चिकटलं.

आता मूळ गावी काय झालं ते ऐका. न्यूफाउंडलंडच्या सरकारला तिथं मेंढ्या वाढवायच्या होत्या. मेंढ्यांना त्रास नको म्हणून कुत्र्यांवर कर बसले, निर्बंध आले. दुसऱ्या बाजूनं इंग्लंडात बाहेरनं येणारं कुत्रं अलग ठेवायचा कायदा झाला, म्हणजे तिकडचं गिऱ्हाईकही तुटलं. हळूहळू सेंट जॉन्सचं पाणकुत्रं कमी होत गेलं. १९८० च्या सुमाराला एका आडबाजूच्या कोळीवाड्यात शेवटचे दोन उरले होते, दोन्ही म्हातारे आणि दोन्ही नर. तिथं तो वंश संपला. ज्या गरीब मच्छीमारांच्या पोटाला ते कुत्रं रोज लागायचं त्यांच्याकडनं ते गेलं, आणि ज्यांना ते हौसेला हवं होतं त्यांच्याकडं टिकलं. मेंढरांच्या मुलखात राहणारा मी, मला मेंढपाळाचीही बाजू कळते. तरीसुद्धा हे वाचून दाखवलं त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

एवढं कूळ सांगायचं कारण म्हणजे शिंब्याच्या अंगावर हा सगळा इतिहास अजून लिहिलेला आहे. हात फिरवला तर वरचे केस राठ आणि तेलकट लागतात, पाणी निथळून जातं. खाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर. बोटांच्या मधे कातडीचा पडदा, बदकाच्या पायाला असतो त्या धर्तीचा. शेपूट बुडाला जाड आणि टोकाकडं निमुळतं, पाण्यात ते सुकाणूसारखं फिरवतो. हे अंग थंड समुद्रासाठी घडवलेलं. आणि ते येऊन पडलं कुठं, तर सह्याद्रीवर ढग रिकामे होऊन कोरडे पुढं येतात त्या माणदेशात.

अंग घडवताना मनही घडवलेलं असतं. शिंब्या आल्यावर महिन्याभरातली गोष्ट. शेजारच्या वस्तीवरची कोंबडी तोंडात धरून तो डुलत डुलत आला. माझी आई ओसरीवर बसली होती. तिच्या पायाशी त्यानं कोंबडी ठेवली आणि शेपूट हलवत उभा राहिला. आम्हाला वाटलं, मेली. कोंबडी उठली, पंख झाडले आणि ओरडत निघून गेली. लाळेनं भिजलेली होती तेवढीच, एक पीस निघालं नव्हतं. शेजारीण भांडायला आली तेव्हा आई तिला म्हणाली, “अगं, त्यानं कोंबडी चोरली न्हाय. पोचवली.”

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “तात्या, याच्या जातीचं तोंड मऊ असतं. जखमी पाखरू मालकाकडं आणायचं, पण चावायचं नाही, अशीच कुत्री निवडत आले लोक.” हे शिकारी कुत्रं खरं, पण मारणं हे त्याचं काम नाही. मारतो तो बंदूकवाला. हे फक्त आणून देतं. शिंब्याला चप्पल, बादलीची कडी, डाळिंबाची छाटलेली फांदी, काहीही चालतं. आणून द्यायला माणूस समोर असला म्हणजे झालं. परका माणूस आला तर हा आधी काहीतरी तोंडात धरून त्याला द्यायला जातो. राखणीला असलं कुत्रं कुचकामी, असं गावानं ठरवून टाकलं ते बरोबरच आहे.

आता त्याच्या पाण्याचं. आमच्या डाळिंबाच्या बागेला शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. शिंब्या पुण्यात दोन वर्षं चौथ्या मजल्यावर राहिलेला. नळाखाली अंघोळ एवढंच पाणी त्यानं बघितलेलं. त्याला वस्तीवर आणलं आणि पट्टा सोडला, तसा तो नाक वर करून उभा राहिला. मग जो सुटला तो थेट बांध चढून तळ्यात. कुणी शिकवलं नव्हतं, दाखवलं नव्हतं. पाण्यात पडल्यावर त्याचं तोंड मी बघितलं. लग्न होऊन लांब दिलेली लेक बऱ्याच वर्षांनी माहेरच्या उंबऱ्यावर आली की तिचं तोंड जसं होतं, तसं.

शेततळ्याचं एक इथं सांगून ठेवतो, कारण वाचणाऱ्यात शेतकरी असतील. तो प्लास्टिकचा कागद ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. आत पडलेलं जनावर, माणूस, लेकरू, कितीही पोहायला येत असलं तरी वर चढू शकत नाही आणि दमून बुडतं. शिंब्याला त्या दिवशी दोघांनी दोर टाकून वर घेतला. दुसऱ्या दिवशी मी जुना नाडा आणला, हात हात अंतरावर गाठी मारल्या, मधे मधे टायरचे तुकडे आणि पोती बांधली आणि चारी बाजूंनी चार अशा वाटा सोडल्या. भोवतीनं जाळीचं कुंपण घातलं आणि दाराला कडी. कुत्र्याच्या निमित्तानं केलं, पण खरं तर प्रत्येक शेततळ्याला हे असायलाच पाहिजे.

रोज सकाळी सात वाजायच्या आत त्याला पाऊण तास पाण्यात सोडायचा, हा नेम धरला. आणि तिथनंच लोकांचं बोलणं सुरू झालं.

२०२३ साली पावसानं ओढ दिली. विहिरींनी तळ गाठला, वाड्यावस्त्यांवर टँकर फिरायला लागले. त्या दिवसांत पारावर एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, “तात्या, आम्हाला चार दिसानं टँकर आन् तुमच्या कुत्र्याला रोज पवायला तळं! बरं नशीब काढलंय.” लोक हसले. मला राग आला नाही, कारण त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. घरात हंडा रिकामा असताना कुत्र्याच्या सुखाचं बोलणं कुणालाही बोचणारच.

मी त्याला एवढंच म्हणालो की कुत्रं पोहल्यानं तळं आटत नाही, ते पाणी बागेचं आहे आणि बागेलाच जाणार आहे. हिशेबानं हे बरोबर होतं. पण रात्री पडल्यावर मी विचार केला. समजा पाणी आटलं असतं. समजा शिंब्याच्या पोहण्यामुळं दोन झाडं वाळणार असती. तर? तर मी झाडं राखली असती, हे मला माहीत आहे. माणसाच्या पोटाच्या आड जनावराची हौस येत असेल तर पोट आधी, असं मानणाऱ्यातला मी आहे. मात्र बहुतेक वेळा तसं आड काहीच येत नसतं. आड येतो आपला कंटाळा. पाऊण तास कुणी घालवायचा, दोर कुणी बांधायचा, ओलं कुत्रं कुणी पुसायचं, एवढाच प्रश्न असतो आणि आपण त्याला दुष्काळाचं नाव देतो.

दुसरी गोष्ट पोटाची. पुण्याहून आला तेव्हा आम्ही त्याला डाळिंबाच्या काट्यावर तोलला, ४४ किलो भरला. डॉक्टर म्हणाले, हा ३२ किलोचा पाहिजे. पुतण्याच्या घरी सगळे नोकरीला जाणारे. दिवसभर कुत्रं एकटं. संध्याकाळी आल्यावर प्रत्येकाला वाटायचं, बिचारा कोंडून राहिला, म्हणून प्रत्येक जण काहीतरी चारायचा. पोरांची माया खोटी नव्हती. ओढीचं देणं राहून गेलेलं, ते पोटाच्या वाटेनं फेडायला बघत होती.

आणि या जातीला नको म्हणता येत नाही. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळं पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या लॅब्राडोरांत तर हे प्रमाण आणखी जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, खाऊच्या तुकड्यासाठी काहीही शिकणारं कुत्रं लोकांना हुशार वाटतं, म्हणून अशीच कुत्री निवडली गेली असतील. म्हणजे माणसानं नकळत भूकच निवडली. दुसरा एक प्रयोग अमेरिकेत झाला. ४८ लॅब्राडोरांतल्या निम्म्यांना बाकीच्यांपेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, आयुष्यभर. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. हे २००२ साली छापून आलं.

आपल्याकडं कुत्रं आणि माया म्हटलं की नामदेव महाराजांची गोष्ट आठवते. कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट. शिंब्याला मोजून खायला घालताना मला ती सारखी आठवायची, आणि मी स्वतःला विचारायचो, आपण उलटं तर करत नाही? आता मला वाटतं, नाही. महाराजांनी त्या कुत्र्याला काय कमी आहे ते बघितलं. त्याला तूप कमी होतं, म्हणून तूप नेलं. शिंब्याला तूप कमी नव्हतं. त्याला पाणी आणि धाव कमी होती. जे कमी आहे ते द्यायचं, ही खरी माया. आपल्याजवळ जे हाताशी आहे तेच देत सुटणं सोपं असतं.

मग दोन वेळचं खाणं मापानं ठरवलं. बरगडीवर हात फिरवला की हाडं हाताला लागली पाहिजेत पण डोळ्यांना दिसता कामा नयेत, हे डॉक्टरांनी शिकवलेलं माप. कांद्याचं कालवण बंद, कारण कांद्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं. द्राक्षं आणि बेदाणा तर मुळीच नाही. आमच्या भागात बेदाणा हे सोनं, शेडवर मुठीमुठीनं सांडलेला असतो, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला तो विष ठरू शकतो. चॉकलेटचंही तेच. वर्षभरात काटा ३३ वर आला.

बाकीची निगा आमच्याकडच्या उन्हाला धरून आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ काढून धापेवरच अंग गार करतं. मार्चपासून जूनपर्यंत नऊ ते सहा त्याला सावलीतनं हलवायचं नाही. डांबरी सडकेवर आपला तळहात ठेवून बघायचा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. ऊन लागल्यासारखं वाटलं तर सावलीत घेऊन अंगावर, पोटाखाली साधं पाणी मारायचं, वारा घालायचा आणि डॉक्टरला फोन करायचा. केस कापून टाकावेत असं लोक सुचवतात, पण ते दुहेरी केस उन्हापासूनही राखण करतात, म्हणून नुसती फणी करायची. उन्हाळ्याच्या तोंडाला आतली लोकर इतकी निघते की टोपली भरते. कान लोंबते असल्यामुळं आत ओल राहते, म्हणून पाण्यातनं आल्यावर कान कोरडे पुसायचे आणि वास घेऊन बघायचा. आंबूस वास आला की कान बिघडला. गोठ्याजवळ राहतो म्हणून बोटांच्या बेचक्यात, कानामागं गोचीड रोज बघायचा, त्याच्यापासनं ताप येतो आणि कुत्रं हातचं जातं. वर्षाला पिसाळीची लस, आणि साठलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातनं येणाऱ्या रोगाची लस. हिरवं शेवाळ धरलेल्या डबक्यात उतरू द्यायचं नाही. या जातीचे खुबे म्हातारपणी धरतात. पाण्यात अंगाचा भार पायावर येत नाही, म्हणून पोहणं हे त्याला हौसेचंही आणि औषधाचंही.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. ओढ ओढ म्हणून काहीही खपवता येतं, हे मला ठाऊक आहे. आमचा भाग खिलार बैलांचा. बैलगाडी शर्यतीवर २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. या सगळ्या वर्षांत मी दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकलं. शर्यतीवाले म्हणायचे, खिलाराला पळायची ओढच असते, आम्ही ती पुरवतो. यात खोटं काही नाही. सकाळी दावं सोडल्यावर शेपटी पाठीवर टाकून रानभर उधळणारं खिलार खोंड मी हजार वेळा बघितलंय. पण पराणी टोचून, शेपटी पिरगाळून पळवलेला बैलही मी बघितलाय. कायद्यानं आता त्याला मनाई आहे, ते योग्यच झालं.

यावरनं मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली. दावं सोडा आणि बाजूला उभे राहा. हातात काठी नको, खाऊही नको. जनावर आपल्या पायानं जिकडं जाईल ती त्याची ओढ. ज्याला टोचावं लागतं ती आपली ओढ, जनावराच्या नावावर चढवलेली. शिंब्या या कसोटीला रोज सकाळी उतरतो.

पण कसोटी लावून प्रश्न संपत नाही, कारण काही ओढी पुरवता येत नाहीत. आमच्याकडची कारवानी कुत्री घ्या. पोट खपाटीला गेलेली, उंच पायांची, सशामागं वाऱ्यासारखी सुटणारी. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढं शिकार बंद झाली, आणि ती झालीच पाहिजे होती. ससा काय कुत्र्याच्या हौसेसाठी जन्माला येत नाही. इंग्लंडातही असंच झालं. पाणमांजराच्या शिकारीसाठी नदीत पोहणारी ऑटरहाउंड नावाची कुत्र्याची जात होती. पाणमांजरं संपत आली म्हणून १९७८ साली त्यांना संरक्षण दिलं, शिकार थांबली. आज ती कुत्री जगभरात काही शेकडाच उरलीत. पाणमांजर वाचलं आणि त्याच्यामागं धावायला घडवलेलं कुत्रं निकामी झालं. यात दोष कुत्र्याचा नाही. ज्या माणसानं ती ओढ त्याच्या रक्तात पेरली त्यानंच ती बंद केली. मग निदान तिचा निरुपद्रवी भाग शिल्लक ठेवायचं काम त्याचंच आहे. कारवानीला ससा नाही देता यायचा, पण मोकळं रान देता येतं. लॅब्राडोरला बदक नाही देता यायचं, पण पाणी आणि फेकलेली फांदी देता येते. आणि जिथं तेवढंही देता यायचं नसेल, तिथं तो जीव आणूच नये. चौथ्या मजल्यावर दिवसभर कुलूप असलेल्या घरात नको.

दोन वर्षांपूर्वी एक माणूस आला. त्याच्याकडं लॅब्राडोरची मादी होती. म्हणाला, शिंब्या दाखवू, पिल्लं अर्धी अर्धी वाटून घेऊ. एका पिल्लाला शेरडाच्या दुप्पट पैसे येतात. मी त्याला विचारलं, पिल्लं जाणार कुठं? तो म्हणाला, “घेणारे घेतील, आपल्याला काय करायचंय?” मी नको म्हणालो. डाळिंबाला तेल्या लागलेलं वर्ष होतं, पैसा नको होता असं नाही. पण आठ पिल्लं म्हणजे आठ ओढी, आणि त्या कुणाच्या दारात बांधल्या जाणार ते मला माहीत नसणार. पैसे घेतल्यावर ते देणं माझ्या नावावर राहिलं असतं.

माझा एक जुना सोबती हे ऐकून म्हणाला, “तात्या, कुत्र्याचं एवढं बघतोस, मग म्हशीला इचारलंस का कधी, तिला काय पायजे?” हा घाव वर्मी बसला. म्हैस शिंब्याइतकीच पाण्याची वेडी. पूर्वी ओढ्याला डोह होते, दुपारभर म्हशी डुंबायच्या. आता ओढे कोरडे आणि म्हशी पत्र्याखाली दावणीला. त्याला मी पुरतं उत्तर देऊ शकलो नाही, आजही देऊ शकत नाही. दुधाच्या हिशेबात डुंबणं बसत नाही. गोठ्यात फवारे बसवले, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी मारतो. ते देण्यातलं व्याज झालं, मुद्दल नाही.

हा विचार जनावरांपाशीच थांबला असता तर मी लिहायला बसलो नसतो. आई पंच्याऐंशीच्या पुढं गेल्यावर भावाबहिणींनी सांगितलं, आता तिला काही काम करू द्यायचं नाही, नुसतं बसून खाऊ द्या. सगळ्यांनी मायेनंच सांगितलं. ताट वेळेवर, औषध वेळेवर, अंथरूण मऊ. आई बसून राहायला लागली आणि महिन्या-दोन महिन्यांत तिचं बोलणं कमी झालं. खायची, पण कशात लक्ष नाही. माझ्या बायकोनं काही न बोलता एक दिवस तुरीचं सूप तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, “आत्याबाई, एवढी तूर निवडून द्या, मला खडा दिसंना झालाय.” तिचे डोळे चांगले आहेत. आईनं सूप ओढून घेतलं, पदर खोचला आणि दुपारपर्यंत तूर निवडली. संध्याकाळी सुनेला म्हणाली, “तुझ्याच्यानं एवढं व्हायचं न्हाय, रोज आणून देत जा.” त्या दिवसापासून घरात निवडायला काहीतरी असतंच. नसलं तर निवडलेल्यात बायको गुपचूप चार खडे टाकते.

पोटाचं देणं मोजता येतं. भाकरी किती, दूध किती, पगार किती, महिन्याला पोरगा किती पाठवतो. म्हणून ते फेडलं की आपल्याला फिटल्यासारखं वाटतं. ओढीचं देणं मोजायला माप नाही. त्याला जवळ उभं राहून बघावं लागतं, हा जीव सोडल्यावर कुठं जातो म्हणून. कुत्रं असो, म्हैस असो, ओसरीवर बसलेली म्हातारी असो, नाहीतर दहावीनंतर शाळा सुटून रानात आलेलं पोर असो. सगळ्यांना सगळं देणं कुणालाच जमायचं नाही. पण भाकरी घातली म्हणजे आपण मोकळे झालो, असं मात्र मला आता म्हणवत नाही.